कधीच नाही?

मंडळी, २०२४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. ११ तारीख, शनिवारची सकाळ. चहा गाळत होते, तेवढ्यात फोन टिणटिणला. आमची थोरली नात इंग्लंडात शिकते, तिने फोटो पाठवला होता. तिच्या खोलीबाहेरची कौलारू घरं, एक विजेचा खांब आणि वर आकाश... पण कसलं आकाश! वरून गुलाबी-जांभळा पडदा सोडलेला, खाली हिरवी झाक. "आजी, हा अरोरा! खिडकीतून दिसतोय. सगळा रस्ता पायजम्यात बाहेर आलाय."

फोटो पाहिला आणि नातीऐवजी मला एक मुलगा आठवला. आधी त्याची गोष्ट सांगते, कारण हा लेख खरं तर त्याच्यासाठी आहे.

साधारण १९८३-८४ साल असेल. सातवीला मी इतिहास-भूगोल शिकवत होते. शीत कटिबंधाचा धडा होता. सहा महिने दिवस, सहा महिने रात्र, बर्फाची घरं हे सगळं झालं आणि शेवटी दोन ओळी ध्रुवीय प्रकाशावर. चित्रसुद्धा काळं-पांढरं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, हा प्रकाश आपल्याकडून दिसतो का?" मी म्हटलं, "नाही." तो बसेना. "कधीच दिसला नाही का?" तास संपायला पाच मिनिटं होती, धडा पुरा करायचा होता. मी म्हटलं, "कधीच नाही. आपण कुठे आणि ध्रुव कुठे! खाली बस." वर्ग हसला. तो बसला.

वर्गात अशी शंभर उत्तरं आपण देतो आणि विसरतो. हे मात्र राहून गेलं, कारण त्यानंतर त्या मुलाने वर्षभर प्रश्न विचारला नाही. आणि निवृत्तीनंतर, हाताशी वेळ आणि संगणक आल्यावर, मला कळलं की माझं उत्तर चूक होतं. साफ चूक. तर ही दुरुस्ती. चाळीस वर्षं उशिरा का होईना.

* * *

सुरुवात थोडी लांबून करते. मास्तरकीची सवय, चालवून घ्या.

ध्रुवीय प्रकाश माणूस हजारो वर्षं पाहत आला, पण त्याचा चुंबकाशी काही संबंध आहे हे कळलं १७४१ साली, स्वीडनमधल्या उप्साला गावी. तिथे आंदेर्स सेल्सिअस (होय, तापमापकावरचे तेच) आणि त्यांचे मेहुणे ओलोफ ह्यॉर्टर होकायंत्राच्या लांब सुईचं टोक रोज पाहून लिहून ठेवत. मार्चच्या एका रात्री आकाशात प्रकाश नाचत होता आणि खोलीतली सुईही अस्वस्थ होती. पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये ग्रॅहॅम नावाच्या घड्याळजीने आपली सुई हललेली पाहिली, तर त्याच दिवशी उप्सालातली सुईही हलली होती. म्हणजे गडबड खोलीतली नव्हती, गावातलीही नव्हती. सारी पृथ्वीच हलल्यासारखी झाली होती.

तेव्हापासून ठिकठिकाणी चुंबकीय वेधशाळा उभ्या राहू लागल्या. आणि त्यातली एक आपल्या मुंबईत होती.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. जहाजांना वेळ सांगणं, ताऱ्यांचे वेध घेणं ही तिची मूळ कामं. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली, ती एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली. आता इथे मला शिक्षकी अभिमानाने दोन नावं सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक बाळशास्त्री जांभेकर. 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांना दर ६ जानेवारीला हार घालतो, पण त्यांनी कुलाबा वेधशाळेचं कामही पाहिलं होतं, हे आपल्या भाषणांत क्वचितच येतं. दुसरे केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना. ऑर्लेबार यांचे हे विद्यार्थी तरुणपणी काही वर्षं याच वेधशाळेत नोकरीला होते. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी टिळकांना गणित शिकवलं. त्याच टिळकांनी १९०३ साली वेदांतल्या उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ ठिकाण उत्तर ध्रुवाकडे शोधलं. ते मत आज विद्वान मानत नाहीत हे मला माहीत आहे. पण ध्रुवाकडे मान वर करून पाहण्याची ही परंपरा गुरूपासून शिष्यापर्यंत आली असेल का, असं उगाच मनात येतं. असो.

काम काय होतं? एका लोहचुंबकाच्या कांडीला बारीक धाग्याने टांगायचं, तिला छोटा आरसा लावायचा आणि दूरवरून दुर्बिणीतून त्या आरशात दिसणाऱ्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. दर तासाला. दिवसा आणि रात्री. पावसात, उकाड्यात, सणावारी. आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. या आकड्यांचं पुढे काय होणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. त्यांचा साहेब तरी कुठे जाणत होता! फक्त नियम एवढाच की सुई जास्त हलू लागली तर तासाची वाट पाहायची नाही, काही मिनिटांच्या अंतराने आकडे घेत राहायचे.

आता या नियमाचं मोल बघा.

* * *

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन हा हौशी पण मोठा काटेकोर ज्योतिषी सूर्यावरच्या डागांची चित्रं काढत होता. सकाळचे सव्वाअकरा झाले असतील. दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या सूर्याच्या प्रतिमेत, डागांच्या एका मोठ्या समूहावर, एकाएकी पांढऱ्या लख्ख उजेडाचे दोन ठिपके उमटले. साक्षीदार हवा म्हणून तो धावत कुणाला तरी बोलवायला गेला. मिनिटभरात परतला तर उजेड ओसरू लागलेला. पाच मिनिटांत सारा खेळ खलास. नशिबाने हॉजसन नावाच्या दुसऱ्या एका हौशी माणसाने आपल्या घरून तेच पाहिलं होतं, नाहीतर कॅरिंग्टनवर कोण विश्वास ठेवणार?

साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर गोंधळ उडाला. ध्रुवीय प्रकाश थेट क्यूबा आणि हवाई बेटांपर्यंत दिसला. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात खाणकामगार पहाट झाली असं समजून उठले आणि न्याहारीच्या तयारीला लागले. तारयंत्रांची तर दाणादाण. माझे वडील तारखात्यात होते, त्यामुळे पुढची गोष्ट वाचताना मला त्यांच्या टेबलावरचा तो कट्ट-कड आवाज ऐकू येतो. बॉस्टन आणि पोर्टलंड इथल्या तारमास्तरांनी आपापल्या बॅटऱ्या काढून टाकल्या आणि तारेत आपसूक वाहणाऱ्या विजेवर सुमारे दोन तास संदेशांची देवाणघेवाण केली. बॅटरी नसताना तार चालली! वडील असते तर म्हणाले असते, "सरकारचे तेवढेच पैसे वाचले."

या साऱ्या गदारोळात कुलाब्याला काय झालं? मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. भर दिवस, शिवाय पावसाळा. आकाशात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दिसलं ते फक्त त्या टांगलेल्या चुंबकाला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा जोर पाहता पाहता घसरला, सुमारे १६०० नॅनोटेस्ला. हा आकडा समजायला सोपा करून सांगते. मुंबईजवळ हा जोर आज साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. म्हणजे शंभरातले चार गेले. चार म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण १३ मार्च १९८९ च्या ज्या चुंबकीय वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या साठ लाख लोकांची वीज नऊ तास घालवली, त्याचा जगभरच्या नोंदींवरून काढलेला आकडा ५८९ होता.

लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारं यंत्र होतं. त्या दिवशी तिथली रेघ कागदाच्या बाहेर निघून गेली. आणि कुलाब्यात कुणीतरी पट्टीवरचे आकडे वाचत वहीत लिहीत बसलं होतं. कोण होतं? मला कुठेही नाव सापडलं नाही. एखादा परांजपे, एखादा डिसोझा, एखादा पारशी पोऱ्या... कल्पना करायला हरकत नाही.

त्या नोंदी जपून राहिल्या. आणि तब्बल १४४ वर्षांनी, २००३ साली, ब्रूस त्सुरुतानी, गोन्झालेझ, तसेच आपल्याकडच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी त्या आकड्यांवरून १८५९ च्या वादळाचं बळ नव्याने मोजलं. तो निबंध आज जगभर आधाराला घेतला जातो. उपग्रह, वीजवाहिन्या, विमानं यांना सूर्याकडून किती मोठा फटका बसू शकेल याचा हिशेब करताना शास्त्रज्ञ कुलाब्याच्या त्या वहीकडे वळतात.

वर्गात आम्ही मुलांना सांगायचो, 'वही नीट ठेवा.' का ठेवायची याचं इतकं चांगलं उदाहरण मला नोकरीत असताना मिळालं नाही.

* * *

आता माझ्या चुकीकडे येते.

१८५९ साली मुंबईत दिवस होता म्हणून काही दिसलं नाही. पण त्यानंतर तेरा वर्षांनी, ४ फेब्रुवारी १८७२ रोजी, रविवारी, पुन्हा एक प्रचंड वादळ आलं. या वेळी मुंबईत रात्र होती. फेब्रुवारीचं कोरडं, निरभ्र आकाश. रस्त्यावर विजेचे दिवे नाहीत. आणि त्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. टाइम्स ऑफ इंडियाने त्या आठवड्यात तशी बातमी छापली. मुंबईहून एडनला जाणारी समुद्रातली तार तेव्हा नवीनच होती, तिच्या कामातही व्यत्यय आला. आफ्रिकेत खार्टूमलाही प्रकाश दिसल्याची नोंद आहे. २०२३ साली जपानच्या हायाकावा यांनी इतर अनेकांच्या साथीने या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही मुंबईच्या चुंबकीय नोंदी कामी आल्या. त्यांच्या अंदाजाने ते वादळ आठशे नॅनोटेस्लाहून मोठं होतं.

मुंबई म्हणजे १९ अंश उत्तर. आपण कुठे आणि ध्रुव कुठे, हे माझं वाक्य आठवा.

इतक्या दक्षिणेला दिसतो तो प्रकाश बहुधा तांबडा असतो, आणि त्यामागे साधं कारण आहे. सूर्याकडून आलेल्या वादळात पृथ्वीभोवतीचे इलेक्ट्रॉन वेगाने वातावरणात घुसतात आणि तिथल्या ऑक्सिजनच्या अणूंना डिवचतात. शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर हे अणू हिरवा उजेड देतात. दोनशे किलोमीटरच्या वर, जिथे हवा फारच विरळ आहे, तिथे ते तांबडा देतात. आपण लांब असलो की हिरवा खालचा भाग पृथ्वीच्या गोलाईआड लपतो आणि वरचा तांबडा तेवढा क्षितिजावर डोकावतो. लांबच्या डोंगराचं फक्त शिखर दिसावं तसं.

त्या रात्री गिरगावात, माझगावात, कुलाब्याच्या कोळीवाड्यात लोकांनी वर पाहून काय म्हटलं असेल? कुणी वणवा म्हटला असेल, कुणी अपशकुन. वर्तमानपत्राच्या दोन-चार ओळींपलीकडे ते कुठे गेलं? घराघरांत त्याच्या गोष्टी का उरल्या नाहीत? आमच्या आजीला प्लेगाच्या साथीच्या सगळ्या गोष्टी पाठ होत्या, तांबड्या रात्रीची एकही नव्हती.

पुढची हकिकतही मोठी रंजक आहे. १८९६ साली कुलाबा वेधशाळेचे प्रमुख झाले नानाभाई अर्देशिर मूस. त्या जागेवरचे पहिले भारतीय. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार असं ठरू लागलं. ट्रामच्या विजेने वेधशाळेतले चुंबक सारखे थरथरत राहणार, मग सूर्याचा हात कुठला आणि ट्रामचा कुठला हे ओळखायचं कसं? म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेली. इमारत बांधली ती पोरबंदरी दगडाची, लोखंड टाळून, तांब्या-पितळेच्या बिजागऱ्या वापरून. आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे जवळजवळ दोन वर्षं एकाच वेळी मोजणी केली. विजेची ट्राम मुंबईत धावली १९०७ साली, तोवर चुंबक खाडीपार सुखरूप होते. मूस यांनी १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या नोंदी तपासून १९१० साली दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. अलिबागची मोजणी आजही चालू आहे.

मी अलिबागला शाळेची सहल दोनदा नेली. किल्ला पाहिला, भेळ खाल्ली, ओहोटी पाहून परतलो. वेधशाळा पाहायची सुचलंही नाही. दुसऱ्या सहलीला तो मुलगा होता.

* * *

पाहण्याची गोष्ट झाली. आता ऐकण्याची.

नातीने फोटोनंतर दोन दिवसांनी एक ध्वनिमुद्रण पाठवलं. "आजी, हा पृथ्वीचा आवाज आहे, कानाला यंत्र लावून ऐक." (हो, मला हल्ली श्रवणयंत्र लागतं. वर्गात तीस वर्षं ओरडल्याचं फळ, असं आमचे हे म्हणतात.)

या आवाजांची गोष्ट तारेपासूनच सुरू होते. १८८६ साली ऑस्ट्रियात डोंगरावरच्या सॉनब्लिक वेधशाळेसाठी बावीस किलोमीटरची टेलिफोनची तार टाकली होती. त्या तारेवर माणसांच्या बोलण्यामागे कधीकधी शिट्टीसारखा, वरून खाली घसरणारा आवाज येई. १८९४ च्या मार्चमध्ये ध्रुवीय प्रकाशाच्या रात्री ब्रिटिश तारमास्तरांनीही तारेला टेलिफोन जोडून असेच चमत्कारिक आवाज ऐकले. विल्यम प्रीस यांनी त्याची नोंद केली. मग आलं पहिलं महायुद्ध. शत्रूच्या टेलिफोनवरचं बोलणं चोरून ऐकायला जर्मन सैन्याने जमिनीत खुंट्या रोवून, आवाज मोठा करणारी यंत्रं लावली होती. शत्रूचं बोलणं ऐकता ऐकता मधूनच 'पिऊऊ' अशी शिट्टी येई. सैनिक म्हणत, तोफगोळे उडताना ऐकू येताहेत. हाइनरिख बार्कहाउझेन या शास्त्रज्ञाने यंत्रात दोष शोधला, सापडला नाही. १९१९ साली त्याने हे छापलं, पण उलगडा काही झाला नाही.

उलगडा केला ओवेन स्टोरी या केंब्रिजच्या तरुण विद्यार्थ्याने. त्याचा निबंध १९५३ साली आला. त्याने दाखवलं ते असं. कुठेतरी वीज चमकते. तिच्यातून रेडिओ लहरींचा एक कडकडाट निघतो, त्यात उंच-सखल सगळे सूर एकाच क्षणी असतात. त्यातल्या काही लहरी वर निघून जातात आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषेला धरून हजारो किलोमीटर दूर अवकाशात जाऊन, कमानीसारख्या वळून, दुसऱ्या गोलार्धात उतरतात. वाटेत इलेक्ट्रॉनचा विरळ सडा असतो. त्यातून उंच सुराच्या लहरी लवकर जातात, सखल सुराच्या मागे रेंगाळतात.

शाळा सुटल्याची घंटा आठवा. सगळी मुलं फाटकातून एकदमच बाहेर पडतात. पण कोपऱ्यावरच्या चिंचेखाली उभं राहिलं तर आधी पळणारी चपळ पोरं दिसतात, मग दप्तर सावरणारी आणि शेवटी गप्पा मारत येणाऱ्या मुली. फाटकावर एक क्षण होता, चिंचेपाशी त्याची रांग झाली. विजेच्या कडकडाटाचीही तशीच रांग होते आणि ती उंच सुरापासून सखल सुरापर्यंत घसरत जाणारी शिट्टी बनते. म्हणजे त्या ऑस्ट्रियातल्या माणसाने डोंगरावर ऐकली ती भूमध्याच्या पलीकडची, आफ्रिकेच्याही दक्षिणेकडची एखादी वीज असू शकेल!

मोठी गोष्ट अशी की शिट्टी किती लांबते यावरून स्टोरीने वाटेतले इलेक्ट्रॉन मोजले. पृथ्वीच्या त्रिज्येहूनही जास्त उंचीवर, जिथे काहीच नसणार असं समजत होते, तिथे बरंच काही आहे हे त्याने जमिनीवर बसून सांगितलं. स्पुटनिक उडायला अजून चार वर्षं होती. पुढे आपल्याकडेही गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी इथे या शिट्ट्यांची नोंद आणि अभ्यास झाला. १९७९ साली व्हॉयेजर यानाने गुरू ग्रहाजवळ अशाच शिट्ट्या पकडल्या, म्हणजे तिथेही विजा कडाडतात हे ठरलं.

एक खुलासा करते, कारण मी स्वतःच आधी गोंधळले होते. हे आवाज हवेतले नाहीत. अवकाशात हवाच नाही तर आवाज कुठला! त्या रेडिओ लहरी आहेत. पण त्यांची कंपनं आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाइतकीच असतात, त्यामुळे लांब तार आणि साधा स्पीकर मिळाला की झालं. सूर बदलावा लागत नाही.

आणि यांतलाच दुसरा आवाज म्हणजे पहाटेची किलबिल. इंग्रजीतही त्याला पहाटेच्या पक्ष्यांवरूनच नाव दिलंय. पृथ्वीच्या पहाटेच्या बाजूला ही किलबिल जास्त ऐकू येते. चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन त्या लहरींना जोर देतात. ऐकलं तर खरोखर वाटतं की दहा-पंधरा चिमण्या आणि एखादा दयाळ एकदम बोलताहेत. आणि गंमत पुढेच आहे. याच लहरी उलट इलेक्ट्रॉनना ढकलून खाली वातावरणात पाडतात आणि त्यामुळे ध्रुवीय प्रकाशाचे काही तुकडे धडधडत्या नाडीसारखे उजळतात-विझतात. जपानच्या अरासे उपग्रहाने हे अवकाशातूनच प्रत्यक्ष पाहिलं, तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे १८९४ चे ते तारमास्तर ज्या रात्री कानाला टेलिफोन लावून बसले होते, त्या रात्रीचं दृश्य आणि आवाज एकाच घरातले होते.

तर मी यंत्र लावून ऐकलं. किलबिल चांगली ऐकू आली. शिट्टी मात्र मला अर्धीच आली. नात म्हणाली, "आजी, ती खूप वरून सुरू होते." माझ्या कानाला वरचा सूर येत नाही, म्हातारपणी तोच आधी जातो. ती म्हणते 'आता सुरू झाली', तेव्हा माझ्यासाठी शांतता असते. मग कुठूनतरी अधेमधे ती उगवते आणि खाली खाली जात विरते. सुरुवात गेली, शेवट तेवढा मिळाला. वाईट वाटलं, पण फार नाही. मी तिला म्हटलं, सुरुवात तू ऐक आणि मला सांग.

* * *

ज्या वादळाचा फोटो नातीने पाठवला, ते २००३ नंतरचं सगळ्यात मोठं. १० आणि ११ मे २०२४ च्या त्या रात्री लडाखमध्ये हानले इथल्या, साडेचार हजार मीटर उंचीवरच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर तांबडा उजेड टिपला. तो फोटो वर्तमानपत्रात आला. भारतातून दिसलेला ध्रुवीय प्रकाश! मी तो कापून ठेवला आहे, माझ्या जुन्या टाचणवहीत, शीत कटिबंधाच्या पानावर.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असेल. कुठे असतो, काय करतो, मला माहीत नाही. त्याच्या वर्गातली दोघं-तिघं मात्र हे लेखन वाचतात, अधूनमधून कळवतात. त्यांना विनंती, हे त्याच्यापर्यंत पोचवा. नाव मी लिहीत नाही, तुम्हाला कळेल. मागच्या बाकावर, खिडकीशी बसायचा.

त्याला सांगा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. ४ फेब्रुवारी १८७२ ला मुंबईतून दिसला होता, मे २०२४ मध्ये लडाखमधून दिसला, आणि पुन्हाही दिसेल. कधी ते सांगता येत नाही. बाईंना तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही. एवढंच.

आणि त्याला जमलं तर मुलाबाळांना घेऊन अलिबागला जाऊन ये म्हणावं. किल्ला पाहून झाल्यावर वेधशाळेवरूनही जा. आत जायला परवानगी लागत असेल, पण बाहेरून पाहायला काय हरकत आहे? आत कुणीतरी आजचे आकडे जपून ठेवतंय.